गेलेली तार परत आणावी लागते

लाल तार तीन मीटर. काळी अर्धा मीटर पुरते, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला.

माशाचा खवला काचेवर वाळला की नखाने निघत नाही.

प्रांजलने गाडी विकली. गाडीतला आवाज विकला नाही.

मायनस दोन पॉइंट पंचवीस. हे व्होल्ट नाहीत, हा एका गिऱ्हाइकाचा डावा डोळा.

आमच्या गल्लीत डीजेचा टेम्पो शिरत नाही. व्हॅन शिरते, आरसे मिटले तर.

माझा बाबा तीस वर्षं होडीच्या इंजिनाशेजारी बसला.

शनिवारी माझी हळद.

आता हे सगळं एका व्हॅनमध्ये भरायचं आहे, आणि आज गुरुवार आहे, आणि दुपारचा दीड वाजला आहे.

१२.४

मीटर म्हणजे दोन काड्या आणि एक आकडा. एक काडी बॅटरीच्या लाल टोकाला लावायची, दुसरी काळ्या टोकाला. आकडा आला की वीज आहे. आमचा आला १२.४. मीराने त्याचा फोटो काढला. तिला विचारलं कशाला, तर म्हणाली पहिलं यश आहे, असू दे.

मीरा आणि मी अंधेरीत एकाच चष्म्याच्या दुकानात आहोत. ती काउंटरवर बसते, मी मागे मशीनवर काचा घासते. राहायला ती जोगेश्वरीला, मी खारदांड्यात. आम्हा दोघींपैकी कोणीही आयुष्यात बल्बपलीकडे काही जोडलेलं नव्हतं. पण मीरा दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून चालते, आणि तिचं म्हणणं असं की कुठला डबा वाजतोय ते तिला बरगडीवरून सांगता येतं. इतका अनुभव मला पुरेसा वाटला.

व्हॅन बाबाची. कान गेल्यावर होडी माझ्या भावाकडे, कृणालकडे गेली आणि बाबाकडे व्हॅन आली. पहाटे बर्फ आणि मावरं, म्हणजे मासे, भरायचं, आयला, माझ्या आईला, बाजारात सोडायचं, बाराला परत यायचं, जेवून झोपायचं. म्हणजे दीड ते चार व्हॅन रिकामी. मी सांगितलं होतं की हळदीसाठी धुऊन ठेवते. खोटं नव्हतं. फक्त धुणं यादीत शेवटी होतं.

यादीत पहिला होता अँप्लिफायर. एक काळं, जड, मागे दाते असलेलं खोकं. त्याच्या पाठोपाठ दोन सबवूफर, प्रत्येकी आमच्या भाकरीच्या परातीएवढा, एकाच लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेले. हे सगळं प्रांजलच्या गाडीतलं. प्रांजल माझा होणारा नवरा, कांदिवलीचा. गाडीचं सगळं काम त्याने दुकानात करून घेतलं होतं, त्यामुळे त्याला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तरी तो व्हॉइस नोट पाठवत होता. एक सतरा सेकंदांची होती, त्यातले चौदा सेकंद रिक्षा.

हे सगळं मी का करत होते ते सरळ सांगते.

आमच्या घरात हळदीला बाप पहिला नाचतो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, पहिलं पाऊल तो टाकतो, मग बाकीची वरात हलते. बाबा पाड्यातला सगळ्यात चांगला नाचणारा होता. तीन वर्षांपूर्वी कृणालच्या हळदीला तो असाच नाचत होता, डोळे मिटून, आणि गाणं थांबलं. बाबा थांबला नाही. त्याला कळलंच नाही. कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि बाबा गिरकी घेऊन वळला तेव्हा त्याला दिसलं की आपण एकटेच नाचतोय. त्यानंतर तो कोणाच्याच हळदीला नाचला नाही. कानाचं मशीन आणलं, तर म्हणाला त्यात सगळी माणसं कावळ्यासारखी ओरडतात, आणि ते कपाटात गेलं. माझं लग्न ठरलं त्या दिवशी त्याने जाहीर केलं की दिपालीच्या हळदीला कृणाल पहिला नाचेल. बाबा आता ओरडूनच बोलतो, त्यामुळे ते खरोखर जाहीर झालं. समुद्रापर्यंत.

पण मी एक गोष्ट बघितली होती. दिवाळीत प्रांजल आम्हाला लिंक रोडवरून घरी सोडत होता. बाबा मागच्या सीटवर, पाठीमागे हीच पेटी धडधडत होती, आणि बाबा खिडकीबाहेर बघत होता. त्याचं एक बोट गुडघ्यावर पडत होतं. बरोबर ठेक्यावर. त्याला स्वतःला पत्ता नव्हता.

म्हणून प्रांजलने गाडी विकायला काढली तेव्हा मी म्हटलं, पेटी मला दे. त्याने विचारलं हुंड्यात का. मी म्हटलं हो, तुझ्याकडून.

व्हिडिओप्रमाणे

व्हिडिओतला माणूस फार आनंदी होता. त्याच्या मते काम सोपं. लाल तार बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत, वाटेत फ्यूज. निळी बारीक तार स्टिरिओपासून, ती अँप्लिफायरला उठ म्हणून सांगते. गाण्याच्या तारा सगळ्यात शेवटी. आणि काळी तार गाडीच्या अंगाला, कुठेही, कारण गाडीचं सगळं लोखंडच मुळी बॅटरीच्या काळ्या टोकाला जोडलेलं असतं. फक्त रंग खरवडून खालचा चकचकीत पत्रा उघडा करा, भोक पाडा, बोल्ट कसा. झालं.

बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली. लाल तार मी चटईखालून मागे नेली. चटईखाली सापडलेल्या वस्तू: एक कंगवा, बोंबलाचं डोकं, आयची हरवलेली म्हणून दोन वर्षं शोधलेली चांदीची जोडवी (एकच), आणि निळा रंग. व्हॅनचा मागचा तळ होडीच्या निळ्या रंगाने रंगवलेला. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे होडी रंगवून उरलेला रंग कशालाही लागतो. आमचा देव्हारा त्याच निळ्यात आहे.

मी रंग खरवडला. आता हे लक्षात घ्या, घासणं हे माझं काम आहे. दिवसाला चाळीस काचा घासते. जाड पॉलिश पेपर, मग मधला, मग बारीक. रंग गेला, खाली करडं काहीतरी लागलं, मी थांबले नाही. रुपयाएवढी जागा मी अशी घासली की तिच्यात ट्यूबलाइट दिसेल. मीरा म्हणाली, व्हिडिओतल्यापेक्षा आपला जास्त चमकतोय. मग ड्रिल लावलं आणि ते असं आत गेलं की मी पुढे

पडले. भोक एका दमात. पांढरी भुकटी उडाली. मीरा म्हणाली बघ, नशीब चांगलं असलं की पत्रासुद्धा मऊ लागतो.

बोल्ट कसला, काळी तार आवळली. स्टिरिओ चालू केला, त्याचा निळा दिवा लागला. मी मागे धावले.

०.०

अँप्लिफायर मेलेला.

०.०

लाल तार काढून परत लावली.

०.०

फ्यूज बदलला. मूळचा बरा होता, म्हणून परत तोच लावला. निळी तार तपासली, ती शहाणी होती. मग लाल तार पुन्हा काढली, टोकं नव्याने सोलली, दाताने सोलली कारण पक्कड सीटखाली पडली होती, आणि पुन्हा लावली. आमचा सगळा संशय लाल तारेवर. ती लांबची होती, खर्चाची होती, तिच्यावर फ्यूज होता. काळी बिचारी अर्धा मीटर, तिच्याबद्दल माणसाला वाईट विचारसुद्धा येत नाही.

एव्हाना व्हॅनमागे माणसं जमली होती, कारण व्हॅन जाळी वाळत घालतात त्या कट्ट्याजवळ उभी होती आणि आमच्याकडे चार पाय वर गाडीबाहेर दिसले की लोक थांबतात. एकजण म्हणाला बॅटरी उतरली. दुसरी म्हणाली बॅटरी नाही, दिवस चुकीचा आहे. राधाकाकू, जी समोर बसून कोळंबी सोलत होती, म्हणाली की नवरीने हळदीच्या दोन दिवस आधी गाडीत पाय वर करून झोपलेलं तिने पहिल्यांदाच बघितलं आणि पोराकडच्यांना कळवायला हवं. मी म्हटलं पोराकडच्यांनीच दिलंय. ती म्हणाली मग तुम्ही एकमेकांना बरोबर शोभता. प्रांजलची नवी व्हॉइस नोट आली: दुकानदाराला विचारलं, तो म्हणतो गाडी घेऊन या. मीराने त्याला उत्तर दिलं ते मी इथे देत नाही.

मला हसू आवरत नव्हतं. रडू येण्याच्या जवळचं असतं ते. चार वाजायला दहा मिनिटं होती, माझ्या हातात ग्रीस, केसांत पांढरी भुकटी, आणि व्हॅनच्या पोटात बावीस किलोचं मढं. हे आज वाजलं नाही तर शनिवारी गल्लीच्या तोंडाशी कृणाल उभा राहणार, आणि बाबा मागे पाणी वाटत फिरणार. प्रत्येक हळदीला तो तेच करायला लागला होता. पाणी वाटायचा. ट्रे हातात असला की कोणी नाच म्हणत नाही.

"काय चाललंय?"

हे बाबाने विचारलं आणि कट्ट्यावरची मांजर उठून गेली.

बाबा

चहाचा ग्लास हातात, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांत झोप. लपवायला आता काही उरलं नव्हतं. मी त्याच्यासमोर तोंड करून, ओठ मोठे हलवून सांगितलं की वीज येत नाही. खोक्याकडे बोट दाखवलं. मीटर दाखवला. ०.०.

बाबाने विचारलं नाही हे काय आहे, कशाला आहे. चालत नसलेलं यंत्र दिसलं की त्याला बाकीचं जग दिसत नाही. तो आत चढला, गुडघ्यावर बसला, लाल तार बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपत गेला. मान हलवली. मग काळ्या तारेकडे आला. माझा बोल्ट बघितला, त्याखालची आरशासारखी जागा बघितली, आणि तळवा त्या जागेवर ठेवला. मग तळवा उचलून व्हॅनच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवला. परत तळावर.

आणि हसायला लागला. बाबाचं हसणं त्याच्या बोलण्यापेक्षा मोठं आहे. तो टॉवेलात तोंड घालून हसला, चहा सांडला, राधाकाकूने कोळंबी सोडून दिली.

"हा पत्रा नाय गो," तो म्हणाला. "ही होडी हाय."

बर्फाच्या खाऱ्या पाण्याने व्हॅनचा तळ चाळणीसारखा झाला होता. गॅरेजवाला म्हणाला नवा पत्रा टाका. बाबा घरी आला, होडीचं भोक बुजवायचं फायबर उरलं होतं ते कालवलं, आणि मागचा सगळा तळ होडीसारखा भरून टाकला. वरून होडीचा निळा रंग. पाणी ठिपकत नाही, गंजत नाही, दहा वर्षं बघायला नको. आणि वीज जात नाही. मी अर्धा तास मन लावून घासून, चमकवून, माझी काळी तार एका प्लास्टिकच्या ताटाला बांधली होती.

मीरा खाली बसली. ती म्हणाली मी फोटो काढला होता यार.

बाबा एव्हाना उतरून होडीच्या सामानाच्या पेटीकडे गेला होता. परत आला तो अंगठ्याएवढी जाड काळी केबल खांद्यावर घेऊन. होडीला अंग नसतं, त्याने मला सांगितलं, लाकूड असो की फायबर. तिथे कुठेही बांधली तार आणि झालं, असं होत नाही. दिव्याला गेलेली तार दिव्यावरून परत बॅटरीला आणावी लागते. प्रत्येक तारेला तिची परतीची तार. हे तो मला शिकवत होता की स्वतःशी बोलत होता ते ठरवायला वेळ नव्हता, कारण तो बोलता बोलता केबल लाल तारेच्या शेजारून पुढे नेत होता आणि मला फक्त टेप फाडून द्यायला ठेवलं होतं.

१२.३

अँप्लिफायरवर हिरवा दिवा लागला. एवढासा. मुगाच्या दाण्याएवढा. कट्ट्यावर टाळ्या पडल्या.

गाण्याच्या तारा लावल्या. सबवूफरच्या चार तारा लावल्या. मीराने तिच्या फोनवरून गाणं सोडलं, आणि आम्ही सगळे थोडे मागे सरकलो.

गाणं आलं. व्हॅनच्या दारातल्या जुन्या स्पीकरमधून गाणारी आली, ढोलकी आली. पण खालचं काहीच नाही. मीरा पेटीला पाठ लावून उभी राहिली, बरगडीचं मत घेतलं, आणि म्हणाली की हिच्यापेक्षा तिच्या काकाचा मोबाईल जास्त हलतो. आवाज वाढवला. गाणारी नुसती ओरडायला लागली. आवाज मोठा होत होता पण पोटापर्यंत पोचत नव्हता. मी तारा बघितल्या, सगळ्या जागेवर, दिवा हिरवा, मीटर खूश. आम्ही ऐकणारी दहा माणसं तिथे उभी होतो आणि एकालाही काही सांगता येत नव्हतं.

बाबाला गाणं ऐकू येत नव्हतं. त्याने आमचे चेहरे वाचले. मग तो पेटीसमोर उकिडवा बसला आणि दोन्ही तळवे दोन सबवूफरवर ठेवले, अगदी हलके, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावेत तसे. डोळे मिटले. बराच वेळ बसला. गाणं संपलं, मीराने परत लावलं.

"एक वढतंय," बाबा म्हणाला, "एक सोडतंय."

त्याने हातांनी करून दाखवलं. उजवा तळवा पुढे येतो तेव्हा डावा मागे जातो. डावा पुढे, तेव्हा उजवा मागे. जाळं ओढताना दोन माणसांनी असं केलं तर, तो म्हणाला, दिवसभर ओढा, जाळं तिथेच राहील. दोघांनी एकदम वढायचं, एकदम सोडायचं.

मी खाली वाकून बघितलं. एका सबवूफरला मी प्लसच्या जागी मायनस लावलं होतं. एक हवा ढकलत होता, तेव्हा दुसरा तीच हवा गिळत होता. दोन तारांची अदलाबदल, अर्ध्या मिनिटाचं काम. मीराला म्हटलं, लाव.

१४.२

हा आकडा इंजिन चालू असतानाचा. कृणाल मासेमारीहून आला होता, त्याने किल्ली फिरवली. म्हणाला पूर्ण ताकद मिळू दे.

मिळाली. पहिला ठोका पडला आणि बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील एका वेळी सगळे हलले. दुसऱ्या ठोक्याला मागची नंबरप्लेट एका स्क्रूवर लटकली. पायाखालची जमीन आत कुठेतरी दार लावल्यासारखी वाजायला लागली. राधाकाकूच्या टोपलीतली कोळंबी जिवंत झाल्यासारखी उडत होती आणि काकू तिच्याकडे बघून हसत होती. मीरा नुसती बरगडीवर हात ठेवून उभी होती, तिचं तोंड उघडं. मागच्या काचेवरचा माशाचा खवला, कित्येक महिन्यांचा, सुटला आणि खाली पडला. मला ओरडायचं होतं, मी ओरडले, कोणाला ऐकू गेलं नाही. बाबाला बरं आहे, हे रोजचंच.

बाबाने तळवे काढले नव्हते. त्याचा डावा अंगठा, पायाचा, चपलेत वर खाली होत होता. मग तो उभा राहिला. एक पाऊल मागे सरकला. अजून एक. हातभर लांब, मग दोन हात, मग कट्ट्यापर्यंत. प्रत्येक वेळी थांबून बघत होता, आहे का अजून. अंगठा चालूच.

कट्ट्यापाशी पोचल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि गाण्यापेक्षा मोठ्याने विचारलं, हे माझ्यासाठी केलंस काय गो?

तेवढ्यात आय बाजारातून आली, डोक्यावर रिकामी टोपली, घामाघूम, कारण ज्या व्हॅनने तिला साडेचारला आणायला जायचं होतं ती इथे नाचत होती. माझ्या आयला, सोनूबाईला, पाड्यात कोणी दोनदा विचारत नाही. तिने टोपली खाली ठेवली, बाबाच्या समोर उभी राहिली, ओठ नीट हलवले.

"मग कोणासाठी? बाकीच्यांना ऐकू येतं."

बाबाने तिच्याकडे बघितलं, व्हॅनकडे बघितलं. नाचतो म्हणाला नाही. नाचत नाही असंही म्हणाला नाही. त्याने मला विचारलं, शनिवारी मागचं दार उघडं ठेवणार की बंद? मी म्हटलं, उघडं. तो म्हणाला मग ते वर बांधायला हवं, नाहीतर डोक्यात पडेल कोणाच्या. आणि होडीच्या सामानाच्या पेटीकडे दोरी आणायला गेला.

मी उरलेल्या वेळात व्हॅन धुतली. शब्द दिला होता.

शनिवार

मीटर नव्हता. मी पिवळी होते, कोपरापर्यंत हळद, मला कशालाही हात लावायची बंदी.

गल्लीच्या तोंडाशी व्हॅन, आरसे मिटलेले, दार दोरीने बांधून वर. कृणाल स्टिअरिंगवर, हे त्याने स्वतः मागून घेतलं, म्हणजे नाचायला तो मोकळाच राहिला नाही. प्रांजलकडची दहा माणसं कांदिवलीहून आली होती आणि कानात बोटं घालायची की नाही या विचारात होती. समोरची जागा रिकामी. सगळे थांबलेले. आमच्या घरात बापाने पाऊल टाकल्याशिवाय कोणी हलत नाही.

बाबा पाण्याचा ट्रे घेऊन उभा होता.

मीराने गाणं लावलं. पहिला ठोका आला आणि ट्रेमधल्या बारा ग्लासांत बारा गोल लाटा उठल्या. बाबाने त्या बघितल्या. दुसरा ठोका, परत लाटा. त्याने ट्रे प्रांजलच्या हातात दिला. नवऱ्यामुलाच्या, हळदीला, पाण्याचा ट्रे. प्रांजल तो धरून उभा राहिला, शेवटपर्यंत.

बाबाने डावा हात व्हॅनच्या टपाच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवला. व्हॅन पहिल्या गिअरमध्ये सरकायला लागली आणि बाबा तिच्या मागून एका हाताने नाचत निघाला, टपावरचा हात न उचलता, खांदे पडायचे तिथे पडत होते, गुडघा वळायचा तिथे वळत होता. वरात त्याच्या मागे. देवळाच्या वळणापर्यंत तो हात तसाच. वळणावर व्हॅन पुढे गेली, हात सुटला, आणि तो आमच्यासमोर आला, दिव्यांच्या उजेडात, पाय जमिनीवर आपटत, डोळे मिटून.

त्याने डोळे मिटलेले बघून मी मीराकडे बघितलं. तिला सांगितलं होतं गाणं मध्ये तोडू नकोस. पण गाणी संपतात.

संपलं. एकदम, शेवटच्या ठोक्यावर.

बाबा थांबला. उजवा पाय जमिनीवर, हात वर, तिथेच. बाकी आम्ही सगळे, ऐकू येणारे, एक पाऊल पुढे गेलो आणि एकमेकांवर आदळलो.

कृणालच्या हळदीच्या व्हिडिओत गाणं थांबल्यानंतर बाबा अकरा सेकंद नाचतो, आणि त्यात त्याचा ताल कुठेही चुकत नाही.